एकोणिसाव्या दिवसाची वीज

पन्नासरावांना खुर्ची मानवत नसे. बसले की पाच मिनिटांत उठत, उठले की कशाला उठलो ते आठवत नसे, आणि मग पाय आपोआप जिन्याखालच्या कोनाड्याकडे वळत. तिथे भिंतीवर इन्व्हर्टर होता आणि त्याच्या खाली, कमरेइतक्या उंचीची, पांढऱ्या कपाटासारखी बॅटरी. इन्व्हर्टरच्या पडद्यावर छतावरच्या पॅनलमधून किती वीज येतेय, बॅटरीत किती साठली आहे, घरात किती खर्च होतेय आणि बाहेरच्या ग्रिडला किती जातेय, हे सगळं दिसे. फोनवरही तेच दिसे. तरी ते उठून जात. फोनवरचा आकडा अर्धा मिनिट शिळा असतो, असं त्यांचं म्हणणं.

पन्नासराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी वीज मंडळाच्या नियंत्रण केंद्रात काढली होती, आणि तिथलं काम एका वाक्यात सांगायचं तर समोरच्या भिंतीवरचा पन्नासचा आकडा पन्नासच ठेवायचा. ती ग्रिडची फ्रिक्वेन्सी. लोकांनी वीज जास्त ओढली की आकडा घसरतो, कमी ओढली की चढतो. फारच घसरला तर मोठमोठी वीजकेंद्रं स्वतःचा जीव वाचवायला एकेक करून बाहेर पडतात आणि सगळ्या मुलखात अंधार होतो. तसं होऊ नये म्हणून आधीच कुठल्या तरी भागाची तार, म्हणजे फीडर, बंद करायचा. कुणाचा करायचा ते पन्नासराव ठरवत. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण माणूस काही निवृत्त झाला नव्हता. घरातल्या इस्त्रीवर, मिक्सरवर, पाण्याच्या पंपावर त्यांची हुकमत चाले. बायकोनं कपडे धुवायला घेतले की हे दारात उभे राहत आणि ऊन वर येईपर्यंत थांब म्हणून सांगत. ती थांबत नसे ही गोष्ट वेगळी.

बायकोला सगळे बाई म्हणत. मागच्या दोन खोल्यांत त्यांचं अंडी उबवायचं काम चाले. वय वर्षं छपन्न, आणि हे काम त्यांनी चोपन्नाव्या वर्षी काढलं होतं, त्यामुळे घरच्यांनी, दारच्यांनी आणि पन्नासरावांनीही सुरुवातीला ते थट्टेवारी नेलं. पहिली खेप बाईंच्या स्वतःच्या चुकीनं गेली, यंत्रात दमटपणा कमी पडला. दुसरी खेप चांगली चालली होती, आणि सतराव्या दिवशी वीज गेली ती नऊ तास आलीच नाही. एक हजार अंडी. त्या दिवशी बाई मागच्या पायरीवर बसून राहिल्या आणि संध्याकाळी म्हणाल्या, आणखी एकदाच करून बघते, नाही जमलं तर यंत्र विकून टाकू. त्यांच्या बोलण्यात कधी धमकी नसे, म्हणून पन्नासराव घाबरले. महिन्याभरात त्यांनी छतावर पॅनल बसवून घेतले, बॅटरी आणली, आणि बाईंसमोर फोन धरून राखीव साठ्याची पट्टी चाळीस टक्क्यांवर आणून ठेवली. बॅटरी चाळीसवर आली की इन्व्हर्टर बाहेर वीज द्यायचं थांबवेल. ते चाळीस टक्के फक्त यंत्राचे. वीज गेली तर साडेतीन तासांची निश्चिंती.

"म्हणजे ते चाळीस माझे," बाई म्हणाल्या होत्या.

"तुझे," पन्नासराव म्हणाले होते.

आता ही तिसरी खेप होती, आणि आज तिचा एकोणिसावा दिवस. आसपासच्या अकरा बायकांनी आपापल्या कोंबड्यांची अंडी विश्वासानं आणून दिली होती, बाराशे. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. काल अंडी शेवटच्या यंत्रात, म्हणजे हॅचरमध्ये, हलवून झाली होती. आठ ट्रे, एकावर एक. बाई सकाळपासून दर अर्ध्या तासानं दाराच्या काचेतून डोकावत होत्या, आणि त्या दोघांमध्ये जास्त येरझारा कोण घालतंय हे सांगणं कठीण होतं.

हवा वाईट होती. दोन दिवस धुळीचा पडदा पसरला होता. सूर्य दिसायचा, पण जुन्या पिवळ्या दिव्यासारखा, आणि उकाड्यानं जीव नकोसा झालेला. घरोघरी पंखे, कूलर, एसी अष्टौप्रहर चालू. पॅनलमधून रोजच्या निम्मीही वीज येत नव्हती, त्यामुळे दुपारचे दोन वाजले तरी बॅटरी सत्तर टक्क्यांवरच. पन्नासरावांनी मनात हिशोब केला आणि त्यांना बसवेना. इथे धूळ आहे म्हणजे शंभर मैलांवरच्या मोठ्या सौर प्रकल्पांवरही आहे. तिथली वीज पडली, इथली मागणी चढली. आता केंद्रात काय चाललं असेल ते त्यांना डोळे मिटून दिसत होतं. फोन वाजत असतील, कुणी चहाचा कप हातात धरून तसाच उभा असेल.

दोन वाजून आठ मिनिटांनी फोनवर निरोप आला. ग्रिडवर ताण आहे, ज्यांच्या घरी बॅटरी आहे त्यांनी शक्य तेवढी वीज द्यावी, ही विनंती. खाली नियंत्रण केंद्राचं नाव. असा निरोप त्या दिवशी हजारो घरांत गेला असणार आणि शेकडो लोकांनी तो न वाचताच पुसून टाकला असणार. पन्नासरावांनी तो तीनदा वाचला. दीड वर्षांत केंद्रातून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. निरोप यंत्रानं पाठवला आहे, आपल्याला ओळखून नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी छाती फुगायची ती फुगलीच.

त्यांनी बटण दाबलं. इन्व्हर्टरची बारीक गुणगुण वाढली आणि पाच किलोवॅट बाहेर जाऊ लागले. यात काही वावगं नव्हतं, सत्तरवरून चाळीसपर्यंतचे तीस टक्के देण्यासारखेच होते. पन्नासराव कोनाड्यात स्टूल ओढून बसले आणि पडद्यावरचं एक बटण चारदा दाबून ग्रिडची फ्रिक्वेन्सी दाखवणारं पान काढलं. ते पान सोलर बसवणाऱ्या इंजिनियरनंही कधी उघडलं नसेल. कुणाला लागतं ते? एकोणपन्नास पूर्णांक आठ. सात. परत आठ. सात. सहा.

पावणेतीनला बॅटरी चाळीसवर आली आणि इन्व्हर्टर शहाण्यासारखा थांबला. गुणगुण बंद झाली. पडद्यावर एकोणपन्नास पूर्णांक पाच.

आता इथे एखादा साधा माणूस उठला असता, हातपाय ताणले असते, आपण आपलं काम केलं म्हणाला असता आणि पाणी प्यायला गेला असता. त्याला तो आकडा दिसलाच नसता, आणि दिसला असता तरी कळला नसता. पन्नासरावांना कळत होता, हाच त्यांचा घात. पाचचा चार झाला तशी त्यांच्या पोटात ओळखीची कळ उठली. एकतीस वर्षं ही कळ आली की हात पुढे जायचा. आपले पाच किलोवॅट म्हणजे त्या अख्ख्या ग्रिडचा सव्वीस लाखावा भाग, हा भागाकारही त्यांनी तिथेच करून पाहिला. त्यानं काहीएक फरक पडत नाही हे दुसऱ्या कुणाला त्यांनी हसत समजावून सांगितलं असतं. पण हात शिवशिवत होते.

मागच्या खोलीतून बाईंचा आवाज आला, सगळं ठीक आहे ना म्हणून. पन्नासराव ठीक आहे म्हणाले. मग त्यांनी फोनवरची राखीव साठ्याची पट्टी बोटानं चाळीसवरून दहावर ओढली. थोडा वेळच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आकडा जरा सावरला की परत नेऊ. इन्व्हर्टर पुन्हा गुणगुणू लागला.

आकडा सावरला नाही. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी बॅटरी दहावर आली, आणि साडेतीनला बाहेरची वीज गेली. आधी शेजारचे कूलर थांबले, मग रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी. इतका वेळ कानाला न जाणवलेला केवढा तरी आवाज एकदम गेला. घरात मात्र दिवा क्षणभर फडफडला आणि पुन्हा लागला. इन्व्हर्टरनं घराचा भार बॅटरीवर घेतला होता. मागून बाई हसत बाहेर आल्या.

"बघा, कळलंसुद्धा नाही यंत्राला," त्या म्हणाल्या. "तुमच्या बॅटरीनं लाज राखली."

पन्नासराव मनात हिशोब करत होते. खालचे पाच टक्के बॅटरी स्वतःसाठी कुलूप लावून ठेवते. उरलेल्या पाचांत यंत्र चालेल पंचवीस मिनिटं, धुळीतून पॅनल थोडं देतायत ते धरून फार तर तीस. त्यांनी घरातले पंखे, फ्रिज, सगळं एकेक करून बंद केलं. घामानं निथळत ते खोल्याखोल्यांतून फिरले आणि फोन चार्ज करायची पिनसुद्धा उपटली. बाईंना वाटलं, नवऱ्याला पुन्हा वीज वाचवायचा झटका आला. चारला पाच मिनिटं कमी असताना हॅचरचा पंखा घरघरला, मंदावला आणि थांबला.

बाई दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. साडेतीन तास म्हणाला होतात, एवढंच त्या म्हणाल्या.

"बॅटरीत काहीतरी बिघाड आहे," पन्नासराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मग परत घेता येईना. इतकं सरळ खोटं ते बायकोशी कधी बोलले नव्हते, आणि गंमत म्हणजे ते इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

बाईंना विचार करायला वेळ नव्हता. अंडी थंड पडतील, काहीतरी पांघरायला हवं, असं पन्नासराव पुटपुटत होते. बाईंनी त्यांना गप्प केलं. एकोणिसाव्या दिवशी प्रत्येक अंड्यात जिवंत पिल्लू असतं आणि बाराशे पिल्लांच्या अंगची ऊब थोडीथोडकी नसते. पंखा बंद पडला की ती सगळी ऊब वरच्या ट्रेंमध्ये कोंडते, हवा पुरत नाही, आणि पिल्लं गारठून नव्हे तर गुदमरून मरतात. बाईंनी हॅचरचं दार सताड उघडलं, खोलीची खिडकी उघडली आणि सर्वांत वरचा ट्रे बाहेर ओढला. वरचे ट्रे खाली, खालचे वर, दर दहा मिनिटांनी, हाच एक उपाय. एकेक ट्रे दीडशे अंड्यांचा. नऊ किलोच्या वर वजन, आणि धक्का लागता कामा नये.

"इथे थांबा," बाई म्हणाल्या. "मला आणखी दोन हात हवेत."

पन्नासरावांनी एक ट्रे धरला. तो हाताला गरम लागला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखा. त्यांनी तो खाली ठेवला, दुसरा उचलला, आणि मग त्यांना तिथे उभं राहवेना. ते सगळे ट्रे त्यांच्याकडेच पाहत होते असं नाही, अंड्यांना कुठे डोळे असतात, पण त्यांना तसं वाटलं. मी बॅटरी चालू करून आणतो, लगेच येतो, म्हणत ते निघाले. बाईंनी मागून हाक मारली. ते थांबले नाहीत.

साडेचारला धूळ बसली. वारा फिरला आणि बघता बघता आभाळ निवळलं, आणि पश्चिमेकडून असं सणसणीत ऊन आलं की छतावरचे पॅनल लखलखू लागले. पन्नासराव कोनाड्यात उभे राहून काळ्या पडद्याकडे पाहत होते. डोक्यावर दोन-अडीच किलोवॅटचं ऊन पडलेलं, आणि घरात काजवा पेटेल एवढी वीज नाही. लोकांना वाटतं, ऊन आहे म्हणजे वीज आहे. तसं नसतं. त्यांच्या इन्व्हर्टरला जागं व्हायला आधी कुणाचा तरी हात लागतो, ग्रिडचा नाही तर बॅटरीचा. ग्रिड मेलं होतं आणि बॅटरी कुलूप लावून निजली होती. तिला उठवायचं तर बाहेरून अठ्ठेचाळीस व्होल्टचा धक्का द्यायला हवा. म्हणजे गाडीच्या चार बॅटऱ्या, एकीला एक जोडून.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे ते जवळजवळ धावतच गेले. गॅरेजवाला बाकावर आडवा होऊन वर्तमानपत्रानं वारा घेत होता. छतावर एवढी काच लावून पन्नासराव आपल्याकडे बॅटरी मागायला आले, याची त्याला मोठी मौज वाटली, आणि ती त्यानं सावकाश चाखली. वीज मंडळाच्या साहेबांवर ही वेळ यावी म्हणाला. मग त्यानं पन्नासरावांचं तोंड नीट पाहिलं आणि उठला. दोन बॅटऱ्या फळीवर होत्या, दोन त्यानं दुरुस्तीला आलेल्या गाड्यांतून काढून दिल्या. हातगाडीवर घालून दोघांनी त्या ढकलत आणल्या. रस्त्यात दोन जणांनी विचारलं, वीज कधी येईल. पन्नासरावांना हे लोक आयुष्यभर विचारत आले होते आणि आजवर त्यांनी कधी खरं उत्तर दिलं नव्हतं. आज ठाऊक नाही म्हणाले.

त्यांनी तारा जोडायला घेतल्या. उलटसुलट जोडलं तर सगळंच जळून जाईल म्हणून प्रत्येक जोड त्यांनी दोनदा पाहिला. मागच्या खोलीतून ट्रे सरकल्याचा आवाज येत होता, मग थोडा वेळ नाही, मग पुन्हा. मध्येच बाईंचा खोकला.  पाच वाजून वीस मिनिटांनी पांढऱ्या बॅटरीवरचा हिरवा ठिपका लुकलुकला, इन्व्हर्टरच्या आत टक् असा आवाज आला, आणि पडदा उजळला. पॅनलमधली वीज धाड्कन आत आली. मागे हॅचरचा पंखा फिरू लागला.

गॅरेजवाल्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि बॅटऱ्या उद्या आणून द्या सांगून तो गेला. पन्नासराव मागच्या खोलीत गेले. बाईंनी हॅचरचं दार लावलं होतं आणि त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर घामानं चिकटलेला, दोन्ही मनगटं लाल झालेली, ट्रेच्या कडा रुतून. पंच्याऐंशी मिनिटं त्यांनी एकटीनं आठ ट्रे वरखाली केले होते. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही होतात म्हणून," त्या म्हणाल्या.

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पन्नासराव दारातच उभे राहिले. आत जाववेना, बाहेरही जाववेना. बाईंनी शेजारी पडलेला फोन उचलला आणि सोलर बसवणाऱ्या इंजिनियरला लावला. बाई रागावल्या की आवाज चढवत नसत, उलट एकेक शब्द धुऊन-पुसून ठेवल्यासारखा बोलत. तुमची बॅटरी साडेतीन तास सांगून अर्ध्या तासात बसली, त्या म्हणाल्या. माझा नवरा जाणता आहे म्हणून निभावलं, दुसऱ्या घरी काय झालं असतं? माझ्याकडच्या अकराजणींपैकी चौघी तुमच्याकडून हेच बसवून घेणार होत्या, त्यांना मी आजच नको म्हणून सांगणार आहे. पलीकडून तो गडी गयावया करत होता. बॅटरी नवी आहे, ताई, असं होणार नाही, उद्या येऊन बघतो, काय झालं त्याची नोंद असते. तो तसा साधा माणूस होता. स्वतः छतावर चढून काम करणारा. या भागातली त्याची ही चौथीच जागा होती.

"फोन ठेव," पन्नासराव म्हणाले. "बॅटरी चांगली आहे."

बाईंनी फोन कानापासून जरा दूर धरला.

"मी दिली," पन्नासराव म्हणाले. "तुझे चाळीस. त्यातले तीस मी बाहेर दिले."

 बाईंनी इंजिनियरला थांबायला सांगितलं आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. त्यांनी विचारलं, कुणाला दिली. पन्नासराव म्हणाले, ग्रिडला. फ्रिक्वेन्सी पडत होती. हे सांगताना आपलं बोलणं किती पोरकट वाटतंय ते त्यांना ऐकू येत होतं.

"मग पुरली का त्यांना?"

हा प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता. बाईंना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्यामुळेच तो वर्मी लागला.

"नाही," पन्नासराव म्हणाले.

"मी इथेच होते," बाई म्हणाल्या. "दहा पावलांवर. मला विचारलं असतंत तर मी दहा टक्के द्या म्हटलं असतं. वीससुद्धा म्हटलं असतं कदाचित. विचारलं का नाही?"

 पन्नासरावांकडे सांगायला खूप काही होतं, निरोप आला होता, आकडा, पोटातली कळ. पण खरं उत्तर त्याहून साधं होतं आणि ते त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो फीडर बंद केले होते. बंद करायच्या आधी फीडरला विचारायची पद्धतच नव्हती. तिकडे लोक राहतात हे माहीत होतं, पण ते माहीत असणं वेगळं होतं. आपण वीज काढून घेतलेल्या खोलीत ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते.

"सवय नाही," ते म्हणाले.

 बाईंनी फोन सुलटा केला, कानाला लावला आणि इंजिनियरला म्हणाल्या की बॅटरीत दोष नाही, चूक आमच्या घरातली आहे, तुम्हाला उगाच बोलले. त्या चौघींना काही सांगणार नाही. फोन ठेवून त्या भिंतीला हात टेकून उठल्या आणि हॅचरच्या काचेतून पाहू लागल्या. बाहेरची वीज दिवेलागणीला परत आली. पन्नासरावांशी बाई त्या रात्री जेवेपर्यंत बोलल्या नाहीत, आणि जेवताना बोलल्या ते फक्त मीठ मागायला.

पुढचे दोन दिवस पन्नासराव बसून राहिले. हॅचरच्या खोलीत, स्टुलावर, कारण बाईंनी तिथे बसा म्हणून सांगितलं होतं. कोनाड्याकडे ते गेले नाहीत. विसाव्या दिवशी संध्याकाळी पहिलं कवच टिचलं, आणि मग रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काचेआड ओली, डुगडुगती पिल्लं एकमेकांवर पडत-उठत राहिली. बाईंनी मोजली, नऊशे बहात्तर. इतकी बाईंनाही अपेक्षित नव्हती. अकराजणी टोपल्या घेऊन आल्या आणि चिवचिवाटानं घर डोक्यावर घेऊन गेल्या. जाताना पुढच्या खेपेची अंडी कधी आणायची ते विचारून गेल्या, आणि बाईंनी तारीख दिली. यंत्र विकायचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी मागच्या पायरीवर बाईंनी उरलेली अंडी मांडली, दोनशे अठ्ठावीस. खेप संपली की न फुटलेलं प्रत्येक अंडं फोडून पाहायचं असतं. आत काय आहे त्यावरून पिल्लू कितव्या दिवशी थांबलं ते कळतं, आणि पुढच्या वेळी काय सुधारायचं तेही. हे काम बाई नेहमी एकटीनं करत. या वेळी त्यांनी पन्नासरावांच्या पुढ्यात हातमोजे टाकले.

बरीचशी अंडी मुळात रुजलीच नव्हती, नुसता बलक. काही पहिल्या आठवड्यातली, रक्ताच्या रेघेएवढी. बाई शिकवत गेल्या, पन्नासराव फोडत गेले. मग पुरी वाढलेली येऊ लागली. पिसं आलेली, नखं आलेली, चोच हवेच्या पोकळीत घुसवून तिथेच थांबलेली. एकोणिसाव्या दिवसाची. पहिलं हातात आलं तेव्हा पन्नासराव थांबले. बाई वहीत एक रेघ मारून पुढच्याची वाट पाहत राहिल्या. पन्नासरावांनी ते बाजूला ठेवलं आणि पुढचं उचललं. जवळजवळ सगळी वरच्या दोन ट्रेंमधली होती. आणखी दोन हात असते तर त्यांतली किती वाचली असती, हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

एकोणिसाव्या दिवसाची एकूण चौसष्ट झाली. बाईंनी वही पुढे केली. शेवटचा रकाना कारणाचा होता, आणि तिथे मागच्या खेपेला त्यांनी वीज गेली असं लिहिलेलं दिसत होतं. पन्नासरावांनी हातमोजा काढून पेन घेतलं आणि केंद्रातल्या नोंदवहीत लिहीत तसं लिहिलं. वेळ दोन पन्नास. राखीव साठा चाळीसवरून दहावर. कुणाच्या आदेशानं, तिथे स्वतःचं पूर्ण नाव आणि खाली सही. केंद्रातल्या वहीत नोंद इथे संपायची. तिकडे काय झालं ते लिहायला तिथे रकाना नव्हता. या वहीत होता. त्यांनी त्यात चौसष्ट लिहिलं आणि वही बाईंकडे सरकवली.

बाईंनी ते सावकाश वाचलं. मग वही मिटली आणि म्हणाल्या, "चला, हात धुवा. यांना पुरायला खड्डा काढायचाय, आणि तो मला एकटीनं व्हायचा नाही."